बारा उंदीर आणि एक बंद पाकीट

शिंक आली ती नेमकी उंदरांच्या खोलीच्या दारात.

"थांबा! सर्दी हाय का तुमाला?" एक उंच माणूस आडवा आला. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी; दिसत होते ते फक्त डोळे.

"माझेच उंदीर हायेत ते," मी म्हणाले.

"असतील. पण त्यांच्या अंगात आजाराशी लढायची ताकद न्हाई. तुमच्या एका शिंकेत बाराच्या बारा जायचे."

खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. विष्णुपुरीच्या आमच्या प्रयोगशाळेत नवेच आलेले हे जनावरांचे डॉक्टर. नाव काय, तर मन्मथ! रोज काचेपलीकडून ते उंदरांची खुशाली सांगायचे, "तीन नंबर लई खाऊन राहिला..." आणि मी नाक पुसत ऐकायची. सर्दी चार दिवसांत गेली. पुढचे चार दिवस मी कशाला शिंकत होते, ते विचारू नका.

त्या पांढऱ्या उंदरांची थायमस नावाची ग्रंथी जन्मताच काढलेली होती. ती नसली की शरीराला आपलं-परकं कळत नाही. मन्मथनी शस्त्रक्रिया करून सहांना ती ग्रंथी पुन्हा दिली, सहांना नुसतेच टाके घातले. कोणाला काय, ते फक्त त्यांनाच ठाऊक. यादी बंद पाकिटात, माझ्या मार्गदर्शक कमलम्मा मॅडमच्या कपाटात. मग प्रत्येकाच्या पाठीवर काळ्या उंदराच्या कातडीचा तुकडा लावला. ज्याची ताकद परत आली, तो उंदीर ते परकं कातडं टाकून देणार.

मागच्या खेपेला कोणता उंदीर कोणता हे मला माहीत होतं. माझा शोधनिबंध तपासणाऱ्यांनी सरळ सांगितलं, 'तुम्हाला हवं तेच दिसलं.' ही शेवटची संधी. मार्चला फेलोशिप संपणार आणि जळकोटला आईनं दोन स्थळं बघून ठेवलेली.

अठराव्या दिवशी सहा तुकडे गळाले. बरोब्बर सहा! पण... तेच सहा का?

"नुसती मान हलवा," मी मन्मथना म्हणाले.

"न्हाई."

"कुणाला कळणार हाय?"

"तुमाला कळंल ना. आणखी दहा दिवस नोंदी करायच्या हायेत."

मी रडले. अगदी हुंदके देऊन रडले. त्यांनी रुमाल टेबलावर ठेवला आणि बाहेर निघून गेले. असा दगड माणूस! दहा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तेही समोर आले की मास्क लावायचे... चहाच्या टपरीवरसुद्धा.

अठ्ठाविसाव्या दिवशी मॅडमनी पाकीट फोडलं. "दोन, पाच, सहा, आठ, नऊ, बारा."

तुकडा टाकलेले माझे तेच सहा! मॅडमनी पाठ थोपटली आणि लातूरच्या त्यांच्या सरांना फोन लावायला त्या बाहेर गेल्या.

उरलो आम्ही दोघं.

"तुमाला ठाऊक होतं," मी म्हणाले. "एका शब्दानं माझं रडणं थांबलं असतं."

"थांबलं असतं. पण पुन्हा कुणी म्हणलं असतं, हिला हवं तेच दिसलं. तुमी रडून राहिल्या होत्या, तवा मी पार धरणापर्यंत चालत गेलो. इथं थांबलो असतो तर... सांगून बसलो असतो."

माझ्या रागाचं पाणी पाणी झालं. किती आवडत होता मला हा माणूस, आणि मी दहा दिवस तोंड फिरवून बसले होते!

"आणखी काय लपवलंय?"

"एकच." त्यांनी मास्क काढला. कानापर्यंत लाल झाले होते. "तुमी आवडता मला. लई."

"मग रविवारी जळकोटला या. आईपुढं असं गप्प बसू नका म्हणजे झालं."

"हाव," ते म्हणाले, आणि मोकळं हसले.

मी त्यांचा हात धरला. मॅडम परत आल्या तरी सोडला नाही.