पाचचा भोंगा

विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळ्यांना दिसतं तेवढंच मानणारी बाई मी. पण हे माझ्या आईच्या घरात, माझ्यासमोर घडलंय. गेल्या फेब्रुवारीत, शनिवारी. रात्रही नव्हती, दिवेलागणीच्या आधीची गोष्ट.

आमची वसाहत कपबश्यांच्या कारखान्यासाठी वसवलेली. कारखाना केव्हाच बंद पडला, पण म्हाताऱ्यांना आठवणींचा भारी सोस. वसाहतीला पन्नास वर्षं झाली म्हणून मैदानात जुने फोटो मांडले होते. त्यात टेपवाल्या काकांनी जाहीर केलं, "पाच वाजता आपला भोंगा ऐकवणार!"

कारखान्याचा भोंगा वाजवायचं काम त्यांचंच होतं. बंद व्हायच्या आधी त्यांनी तो टेप करून ठेवला होता.

आठचा भोंगा माणसं घेऊन जायचा, पाचचा परत आणायचा. पाचचा वाजला की घरोघरी चहाचं आधण चढायचं. दारं नुसती लोटलेली असायची.

मी लहान असताना एकदा पाचचा भोंगा वाजला, चहा उकळला... आणि बाबा आलेच नाहीत. भट्टीपाशी अपघात झाला होता.

त्या शनिवारी मी आईला माझ्या घरी न्यायला आले होते. महिनोन्महिने मनधरणी केल्यावर ती कशीबशी तयार झाली होती. सामान बांधून झालं होतं.

पाच वाजले.

कर्ण्यातून भोंगा वाजला. लांबलचक.

आई उठली. बांधलेलं खोकं सोडून तिने पातेलं बाहेर काढलं.

"अगं, काय करतेस?"

"चहा टाकते. दार लोटून घे. कडी नको लावूस."

मैदानातल्या टाळ्या ऐकू आल्या. मग त्या थांबल्या.

एकदम.

आणि रस्त्यावर पावलं वाजू लागली... पुष्कळ. दमलेली, रेंगाळत येणारी.

मी खिडकीतून पाहिलं. रस्ता रिकामा होता.

एकेक फाटक करकरत होतं. पलीकडचं. शेजारचं. मग... आमचं.

पायरीवर कुणीतरी बूट आपटले. दोनदा.

बुटांना लागलेली कारखान्याची पांढरी माती बाबा अशीच झटकायचे.

दार हळूच आत ढकललं गेलं...

दारात कुणीच नव्हतं.

आईने रिकाम्या खुर्चीसमोर कप ठेवला. तिला इतकी शांत मी कधीच पाहिली नव्हती, आणि मला भीती वाटली ती त्याचीच.

"किती उशीर केलात!" ती खुर्चीला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आता मी कुठे येणार गं? घरचं माणूस आलंय."

पायरीवर पांढरी पूड पडली होती.

आई तिथेच राहिली. दोघांचा स्वयंपाक करते आणि स्वतः चिमणीएवढं खाते. नुसती वाळत चाललीय. शेजाऱ्यांना विचारलं तर ते नजर चुकवतात. संध्याकाळी त्यांचीही दारं लोटलेली असतात.

शेवटी मी टेपवाल्या काकांना गाठलं. "काका, यांना परत कसं पाठवायचं?"

"कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला आठचा भोंगा आहे," ते म्हणाले. "पण माझा हात धजत नाही, पोरी. माझी बायकोही कारखान्यातच होती ना."

मी तो भोंगा फोनमध्ये घेतला आणि गेल्या रविवारी सकाळी आईकडे गेले. वाजवायला बोट टेकवलं, तेवढ्यात आईने माझ्या हाताकडे पाहिलं.

"वाजव की," ती म्हणाली. "आठच्याला मी त्यांना रोज फाटकापर्यंत सोडायला जायचे, आठवतंय? या वेळी पुढेही जाईन म्हणते."

तिच्या चपला उंबऱ्याशी होत्या... तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवलेल्या.

मी फोन पर्समध्ये टाकला. भोंगा अजून त्यात आहे. पुसून टाकवत नाही, वाजवायची छाती होत नाही.

आणि काल आईचा फोन आला होता. विचारत होती, कधी येतेस?