हसनशेटच्या बागेतला दिवा

ही गोष्ट खरी आहे. मी स्वतः त्यात आहे, फक्त मला काही आठवत नाही.

कारण मी तेव्हा तीन महिन्यांचा होतो.

साल छप्पन्न. त्रिपुरी पौर्णिमेची आदली संध्याकाळ. जागा पनवेल. सांगणारी माझी मालूआत्या. ती आयुष्यात एका म्हशीलासुद्धा घाबरली नाही, एवढं ध्यानात ठेवा आणि मग हवं तर हसा.

गावाच्या टोकाला एका शांत आळीत हसनशेटचा बंगला होता. शेट बरीच वर्षं बोटीवर होते, जपानला जाऊन यायचे. येताना त्यांनी तिकडचं वेड आणलं आणि बंगल्यामागे बाग केली. छोटं तळं, त्यावर लाकडी पूल, पांढऱ्या खड्यांची वाट. आणि तिकडून आणलेला एक दगडी दिवा. कमरेएवढा, वर छपरासारखा दगड, मध्ये पोकळी.

शेट वारले. त्यांची बायको हव्वाबी लोकांना बाग बघू द्यायची. बाजाराला आलेल्या बायका हमखास डोकावून जायच्या.

आम्ही विचुंब्याचे. त्या दिवशी आई आणि मालूआत्या पणत्या, वाती, तेल घ्यायला पनवेलला आल्या होत्या. मला आजीपाशी ठेवून. आईचं नाव जनी. तिला बाग बघायची फार हौस होती.

"बघा, पण मगरीबच्या नमाजाआत बाहेर पडा गं," हव्वाबी म्हणाली. "आणि कशाला हात लावू नका."

त्या बंगल्याच्या मागच्या दाराने बागेत गेल्या. आत गेल्यावर आई हरखली. तळ्यातले मासे बघत बसली ती बसलीच.

"वयनी, चल ना. पोर उठला असंल," आत्या म्हणाली.

"थांब गो. दिवं लागनीची येल झाली आनि यो दिवा बघ कसा रिकामा."

आईने टोपलीतली पणती काढली. तेल घातलं, वात लावली, दगडी दिव्याच्या पोकळीत ठेवली आणि हात जोडले.

मग तिने आणखी एक गोष्ट केली. सवयीने.

आमच्याकडे दिवा लागला की मागचं दार लावतात. पुढचं उघडं ठेवतात. लक्ष्मी पुढून यावी आणि मागून निघून जाऊ नये म्हणून. आई उठली आणि तेच मागचं दार लावून आली.

दिवा लावला. मागचं दार बंद केलं.

म्हणजे कुणाला तरी आत घ्यायची सगळी तयारी झाली...

बागेचं पुढचं फाटक करकरलं.

खडे वाजले... थांबले... पुन्हा वाजले.

वाटेवर कुणीच नव्हतं.

मग पुलावर. टक... टक... लाकडावर लाकूड आपटावं तसं.

दोघी मागच्या दाराकडे धावल्या. आईने स्वतःच्या हाताने लावलेली कडी. आता हलेना. आत्याने पाय रोवून ओढली. हात सोलवटले, पण कडी जागची हलली नाही.

"हव्वाबी! ओ हव्वाबी!"

दाराच्या जाळीतून घरात हव्वाबी दिसत होती. नमाजाला बसलेली, हाकेच्या अंतरावर. दोघी घसा फाडून ओरडल्या. तिने मान वळवली नाही.

पावलं आईसमोर येऊन थांबली.

आत्या सांगायची, "वारा नव्हता. तरी तुझ्या आयशीचा पदर हालत व्हता. कोन तरी वास घेतंय असा."

मग खडे वाजत वाजत लांब गेले. फाटक धाडकन लागलं.

आणि बाळाचं रडणं ऐकू आलं.

विचुंबे तिथून कोसावर. पण रडणं अगदी कानाशी. आई वेड्यासारखी दारावर डोकं आपटायला लागली. "माझा पोर हाय तो! सोरा मना, जाव द्या!" तिला पान्हा फुटला, चोळी भिजली.

...रडणं थांबलं.

मग नुसता चुक् चुक् आवाज. पोर पिताना येतो तसा.

आईने छातीवर हात ठेवला आणि मटकन खाली बसली. पान्हा आटला होता.

पणती विझली. कडी आपोआप पडली.

दोघी घरापर्यंत कशा पळाल्या ते आत्यालाही सांगता येत नव्हतं. घरी पुढचं दार सताड उघडं. मी आजीच्या मांडीवर गाढ झोपलेलो. ओठांच्या कडेला दूध.

आजी आईकडे बघतच राहिली.

"आता त पाजून गेलीस गो. तोंडातून सबूद नाय काडलास. आनि पाय धुतलंस त पुसाचं तरी, सगली वसरी वली केलीस."

उंबऱ्याजवळ एक पांढरा खडा पडला होता.

आईला पुन्हा कधी दूध आलं नाही. मी शेळीच्या दुधावर वाढलो. दुसऱ्या दिवशी आत्या एकटीच हव्वाबीकडे गेली. हव्वाबी म्हणाली, "तुम्ही ओरडलात? खुदाची कसम, मला फक्त बागेत मूल रडलेलं ऐकू आलं." तिने त्याच दिवशी बागेला कुलूप घातलं. त्या दिव्यात शेटनी कधी वात लावली नव्हती. का लावली नव्हती, ते तिलाही माहीत नव्हतं.

आईने जन्मभर माझं सगळं केलं. पण मला कुशीत घ्यायला ती बिचकायची. याचं मला फार वाईट वाटायचं, अजून वाटतं.

ती गेली त्या संध्याकाळी मी उशाशी होतो. तिने मला वाकायला सांगितलं.

"यक इचारू? ता दूध... गोर व्हता का रं?"

काहीच नाही आठवत, म्हणालो मी. ते दूध गोड होतं का, एवढ्याशा पोराला काय आठवणार.

पण दिवेलागणीला, घरात दिवा लागला की, कधी कधी माझ्या तोंडाला एक चव येते. शेवाळासारखी, गार.

आणि हो... गोड असते.