भिंतीतली गल्ली

शनिवारी सकाळी धाकटी बहीण पिशवी भरूनच दारात उभी राहिली. "ताई, सोमवारच्या चौकशीची तालीम पुरे. दोन दिवस हिंडू, चांगलंचुंगलं खाऊ. शहर तू निवड, खाणं मी."

प्राध्यापिकाबाईंनी निवडलेल्या शहराचा इतिहास त्यांनीच लिहिला होता; आणि तोच, स्वतःच्या नावाने, त्यांच्या विभागप्रमुखांनी पुन्हा छापला होता. विभागप्रमुख एकेकाळचे त्यांचेच विद्यार्थी. गुरुदक्षिणा देण्याऐवजी वसूल करण्याच्या या नव्या रीतीला विद्यापीठाने पुरस्कारही दिला होता.

पण बाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. चोर सापडावा म्हणून त्यांनी पुस्तकात एक गल्ली रचून घातली होती. घड्याळजी आणि शिंपी यांच्या दुकानांमध्ये अखंड दगडी भिंत होती. बाईंनी तिथे निळ्या फरशीची गल्ली आखली, टोकाला खाणावळ बसवली आणि वर लिहिले: 'येथील वाडगा कधी रिता होत नाही, आणि खिडकीपाशी बसलेली बाई कधी उठत नाही.' विभागप्रमुखांनी ते स्वल्पविरामासकट उचलले. आता भिंतीचा एक फोटो सोमवारी चौकशी समितीपुढे ठेवला, की काम फत्ते.

दुपारपर्यंत दोघींनी पूल पाहिला, घंटाघर पाहिले, बाजारात उभ्याउभ्याच गरम पाव खाल्ले. बाई प्रत्येक कमानीची जन्मकथा सांगत होत्या.

"ताई, दम खा जरा. मला कमान बघायचीय, तिची पत्रिका नाही जुळवायची."

मग घड्याळजीचे दुकान आले. पलीकडे शिंप्याचे. मध्ये गल्ली होती.

बाईंनी आधी चष्मा पुसला. मग दारातल्या घड्याळजीला विचारले, "भिंत फोडून ही गल्ली कधी पाडली?"

"पाडली म्हणजे? लहानपणी आम्ही इथंच खेळायचो. पुस्तकातसुद्धा आहे की."

"कोणाच्या?"

त्याने बाईंचेच नाव घेतले.

पुरावा मातीत गेला होता. संताप यायला हवा होता; आला तो अभिमान. त्यांच्या एका वाक्यावर दगड बाजूला सरले होते. फरशी निळी होती, अगदी लिहिली तशी. जे लिहिले नव्हते, ते मात्र नव्हतेच: दारांना कड्या नव्हत्या, पावलांना आवाज नव्हता, वाफाळत्या अन्नाला वास नव्हता.

खाणावळीत खिडकीपाशी एकच खुर्ची रिकामी होती. खिडकीतली बाई कोण, हे त्यांनी लिहिले नव्हते. भुकेली बहीण पुढे जाऊन तिथे बसलीसुद्धा.

"सूप झकास आहे, ताई."

"पुरे. ऊठ."

"एवढं संपवते की."

चमचा खाली गेला, वर आला. वाडग्यातले सूप काठाशी होते तिथेच राहिले.

बाईंनी तिचा दंड धरून ओढला. खुर्चीदेखील हलली नाही.

"ओढतेस काय अगं. संपतच आलंय."

रविवारी संध्याकाळी बाई एकट्याच परतल्या.

सोमवारी समितीच्या वृद्ध अध्यक्षांनी विचारले, "ही गल्ली तुम्ही रचलेली, खोटी आहे, असं तुमचं म्हणणं आहे. ते कायम?"

एक 'हो' पुरेसा होता. विभागप्रमुखांचा चेहरा आधीच उतरला होता. पण त्या 'हो'ने तिथे पुन्हा भिंत होणार. आणि भिंतीत बहीण.

"नाही," बाई म्हणाल्या. "गल्ली खरी आहे."

विभागप्रमुख हसले.

"वाक्य मात्र माझं आहे," बाई म्हणाल्या. त्यांची मान ताठ होती. "त्यात काय ताकद आहे, ते उचलणाऱ्याला कधी कळायचं नाही."

अध्यक्षांनी मान डोलावली. "मी जाऊन आलोय तिथे. लहान होतो, वडिलांचं बोट धरून. खिडकीपाशी जी बाई बसायची ना," ते बाईंकडे निरखून पाहत म्हणाले, "ती चेहऱ्यानं बरीचशी तुमच्यावर गेली होती."