पाहुणीबाई

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलेली. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी काही शपथा घेत बसत नाही.

लोकांना म्हणे भुतं मध्यरात्री दिसतात. मावशीला दिसलं ते भर दुपारी. लख्ख उन्हात, स्वयंपाकघराच्या खिडकीतून.

मावशी लग्न होऊन त्या घरात गेली, तेव्हा तिथे आधीच एक मालकीण होती. काकांची थोरली बहीण. सगळे तिला अक्का म्हणायचे. आईवडील लवकर गेले, तेव्हा अक्काने परसात मधमाश्यांच्या पेट्या ठेवून घर चालवलं, काकांना शिकवलं, स्वतः लग्न केलं नाही. आता अशा नणंदेविरुद्ध बोलायचं तरी काय? तोंड उघडायला जागाच नाही. मावशीला नेमकं तेच सलायचं.

चहात साखर किती, ते अक्का ठरवणार. पडदे अक्काच्या पसंतीचे. काका कॉलेजातून आले की आधी परसात, अक्काच्या स्टुलाशी. मग घरात.

आणि अक्का मावशीला हाक काय मारायची?

"काय पाहुणीबाई, झाली का झोप?"

थट्टाच ती. सगळे हसायचे. मावशीही हसायची आणि मग मोरीत नळ सोडून रडून घ्यायची. अशी अकरा वर्षं काढली तिने.

गेल्या उन्हाळ्यात अक्का झोपेतच गेली. मावशी चारचौघांत रडली, पण मनातून सुटली. हे तिनेच मला सांगितलं.

थोड्याच दिवसांत पडदे बदलले. अक्काचं स्टूल भंगारात गेलं. पेट्याही एकेक करून विकल्या. राहिली ती शेवटची पेटी, अगदी खिडकीसमोर, अक्का बसायची त्या जागी. काका काही ती विकू देईनात.

मग काका परगावी गेलेले बघून मावशीने एका संध्याकाळी शेजाऱ्याला हाताशी धरलं आणि पेटी उचलून घराच्या पलीकडच्या अंगाला नेऊन ठेवली.

काका परतले आणि डोक्याला हात लावून बसले. ते जीवशास्त्र शिकवतात.

"अगं, पेटी अशी हलवतात का? रोज हातभर सरकवायची, नाहीतर एकदम लांब, दुसऱ्या गावाला न्यायची. माशी पेटी लक्षात ठेवत नाही, जागा लक्षात ठेवते. तिला घर म्हणजे ती जागा."

"मग आता काय होईल?"

"जुन्या जागी येतील. घुटमळतील. दोन-चार दिवसांत संपतील बिचाऱ्या."

माश्या आल्या. घुटमळल्या.

दोन-चार दिवस गेले. आठवडा गेला...

संपल्या नाहीत. पलीकडची पेटी ओस पडली आणि इकडे, रिकाम्या जागी, गुणगुण वाढतच गेली.

एका दुपारी मावशी भांडी विसळत होती.

गुणगुण एकदम थांबली...

तिने मान वर केली. माश्या बसल्या होत्या.

पण कशावर?

तिथे काहीच नव्हतं. पेटी नाही, स्टूल नाही, साधी फांदीसुद्धा नाही. माश्या नुसत्या हवेत दाटून बसल्या होत्या. खाली रुंद, मांडी असावी तशा. वर खांदे. आणि त्यावर डावीकडे कललेलं एक डोकं...

अक्का तशीच बसायची.

मावशीच्या हातातलं पातेलं निसटलं. त्या आवाजासरशी ते डोकं हळूच खिडकीकडे वळलं...

मावशीची किंकाळी ऐकून काका परसात धावले. "कुठे काय? माश्याच आहेत," असं म्हणत त्यांनी उघडा हात पुढे केला. माश्या त्यांच्या हातावर उतरल्या. एकही चावली नाही. उलट काका हसले. असं हसू मावशीने त्यांच्या चेहऱ्यावर लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं.

भीती राहिली बाजूला. मावशीचा नुसता जळफळाट झाला. मेल्यावरसुद्धा हिचंच घर? ती तरातरा बाहेर गेली, आणि हात-तोंड सुजवून परत आली.

काका बर्फ लावत म्हणाले, "त्या तुला ओळखत नाहीत गं. पोळ्याच्या दाराशी राखणीच्या माश्या असतात. घरचं कोण, परकं कोण, ते वासावरून ठरवतात."

"वासावरून?"

"वासावरून."

दुसऱ्या दिवशी मला मावशीचा फोन. "अक्का माश्यांत काम करताना घालायची तो पांढरा कोट ट्रंकेत पडलाय, न धुतलेला. तो घालूनच जाते आता. बघते कशा ओळखत नाहीत ते! माझ्याच घरात मी परकी?"

"मावशी, माश्यांशी कसली गं ईर्ष्या करतेस? जाऊ दे ना."

"तुला नाही कळायचं," म्हणून तिने फोन ठेवला.

संध्याकाळी पुन्हा फोन. मावशी लहान मुलीसारखी खिदळत होती.

"घेतलं गं मला! हातावर बसल्या, खांद्यावर बसल्या, गालावर बसल्या. एक चावली असेल तर शपथ! आणि गंमत सांगू? हे चहा घेऊन आले आणि मला चक्क अक्का म्हणून हाक मारली."

"मग?"

"मग काय... मी ओ दिली."

मागे गुणगुण ऐकू येत होती. मागे कसली... फोनच्या अगदी जवळ. तिच्या तोंडातून यावी तशी.

त्यानंतर तिने फोन उचलणंच बंद केलं. शेवटी रविवारी मी घरी जाऊन थडकले.

खिडक्यांना जुने पडदे होते.

परसात जुनं स्टूल होतं. भंगारात गेलेलं, तेच.

त्यावर पांढरा कोट घालून मावशी बसली होती. मान डावीकडे कलती. काका पायाशी बसून चहा पीत होते. किती सुखात दिसत होते म्हणून सांगू!

"मावशी!"

तिने वळूनही पाहिलं नाही.

"अगं मावशी!"

मग ती सावकाश वळली. चेहरा मावशीचाच. हनुवटीवरचा तीळसुद्धा तिचाच. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तू पाहुणीबाईंची भाची ना?"

मी एक पाऊल मागे सरकले. कसंबसं विचारलं, "मावशी... मावशी कुठंय?"

ती हसली. "त्या गेल्या की. आपल्या घरी."

मी तिथून पळत सुटले. पुन्हा त्या दारात पाऊल ठेवलेलं नाही.

आपल्या घरी म्हणजे कुठे? माहेर तर केव्हाच विकलं गेलं. त्या घरावाचून मावशीला दुसरं घर नव्हतं.

कालपासून माझ्या खिडकीच्या काचेवर एक माशी येते. एकटीच. आत यायला धडका मारते, दमते, बसते, पुन्हा धडका मारते.

खिडकी उघडायची माझी हिंमत होत नाही.

आणि तिला हाकलून द्यायचीही...