अकराव्या नंबरचं गाणं

ही कुणाच्या मावसभावाच्या मित्राची ऐकीव गोष्ट नाही. माझ्या घरातली आहे. माझ्या सख्ख्या भावाची आहे. आणि मी सांगते म्हणून मान्य करा, असंही नाही. माझ्याकडे नव्वद मिनिटांची एक कॅसेट आहे.

ती मी कुणाला ऐकवणार नाही, एवढंच.

तारीख अठरा डिसेंबर, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. रविवार. संध्याकाळी पाच ते सात. गाव टॉडमॉर्डन, यॉर्कशायर. मध्यरात्र नव्हती. दफनभूमी नव्हती. टेबलावर डब्यातल्या माशांचे सँडविच होते आणि बाबांचे मोजे शेकोटीपुढे वाळत होते.

मी लोरेन. तेव्हा सतरा वर्षांची. माझा भाऊ ग्लेन माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. शेवटच्या रविवारी मी त्याला...

खट्.

थांबा. आधी रेडिओचं सांगते.

आमचं गाव खोल दरीत. चहूकडून डोंगर. रेडिओ लागणं म्हणजे नशिबाची गोष्ट. आणि आम्हाला हवं होतं नेमकं ते एक स्टेशन, जे रविवारी संध्याकाळी दोन तास आमची गाणी लावायचं. आज त्यांना अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात आणि ती सुपरमार्केटमध्ये वाजतात. तेव्हा ती आमच्या गावातल्या दुकानात मिळायची नाहीत. गिटारींचा कल्लोळ, त्याच्या तळाशी कुठेतरी पुटपुटणारा गायक, आणि दारातून आईचा आवाज, "हे गाणं आहे की वॉशिंग मशीन?"

रेडिओची एरियल मोडलेली. तिला ग्लेनने लांब वायर जोडली होती. त्या वायरचं टोक हातात धरून कुणीतरी खिडकीशी खुर्चीवर उभं राहायचं आणि हात वर, खिडकीच्या लोखंडी कडीपर्यंत न्यायचा. तरच स्टेशन लागायचं.

कुणीतरी म्हणजे ग्लेन.

मी खाली टेपरेकॉर्डरपाशी. आजीचा जुना, चपटा. त्याचा माईक आतच. तो रेडिओसमोर स्टुलावर ठेवायचा. खोलीत जे होईल ते सगळं टेपवर यायचं. खोकला, चमचा, शेजारचं कुत्रं. म्हणून गाणं चालू असताना कुणी बोलायचं नाही.

निवेदक बोलायला लागला की मी पॉजचं बटण दाबायची. खट्. गाणं सुरू झालं की पुन्हा दाबायची. खट्. टेपवर नुसती गाणी हवीत, मधली बडबड नको. आमच्या वयाच्या सगळ्यांची बोटं यात तरबेज.

आमच्या रेकॉर्डरची एकच गंमत होती. कॅसेट फिरतेय की थांबलीय, ते झाकणाच्या काचेतून दिसतं ना? आमच्या काचेवर ग्लेनने स्वतःच्या बँडचा स्टिकर चिकटवला होता. 'कोल्ड टॅप'. बाबा म्हणायचे, "नळाचं नाव ठेवतं का कुणी बँडला?"

आणि एक नियम होता. मी सांगेपर्यंत त्याने खाली उतरायचं नाही. दर दोन गाण्यांनी वरून आवाज यायचा.

"झालं का, बाईसाहेब? हात गळून पडतोय माझा."

"थांब."

"लोरेन, खरंच गं..."

"झालं. उतर."

मग तो उतरायचा.

खट्.

अठ्ठ्याऐंशीच्याच मार्चमध्ये बर्नलीहून कार्यक्रम करून येताना डोंगरातल्या रस्त्यावर बर्फ होतं. व्हॅन घसरली. ड्रम वाजवणारा बॅरी हात मोडून वाचला, बँडमधला तिसरा नुसत्या खरचटण्यावर.

ग्लेन वाचला नाही.

नंतर आईने सगळी कपाटं उपसली. फोटो होते. शर्ट होते. सेकंडहँड दुकानातला तो लांब काळा ओव्हरकोट होता.

आवाज कुठेच नव्हता.

त्याने एक गाणं रेकॉर्ड केलं होतं, 'वेट वूल'. ओली लोकर. तीन कॅसेट केल्या. एक व्हॅनबरोबर गेली. एक त्याने स्वतःच पुसली, फुटबॉलचे निकाल टेप करताना. तिसरी त्या स्टेशनला पाठवलेली. त्यांनी ती आदल्या नोव्हेंबरात एकदा लावली. तेव्हा ग्लेन आनंदाने खुर्चीवर उड्या मारायला लागला, हातातल्या वायरसकट. आमच्या टेपवर तीन मिनिटं खरखर आली.

मी स्टेशनला दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही.

डिसेंबरात श्रोते पोस्टकार्डावर आपली आवडती तीन गाणी लिहून पाठवायचे आणि वर्षाची चाळीस गाणी उलट्या क्रमाने वाजायची. बॅरीने अख्खा पब कामाला लावला. "ज्याने कार्ड टाकलं नाही, त्याने माझ्याशेजारी बसायचं नाही."

अकरा तारखेला खरखरीतून निवेदकाचं एवढंच ऐकू आलं, "यंदाच्या यादीत एक गाणं कुठल्याच दुकानात मिळत नाही. पुढच्या रविवारी ऐका."

आई भांडी घासत होती. हात पुसून माझ्याकडे आली.

"लोरेन, मला ते हवंय. माझ्या पोराचा आवाज आहे तो. यावेळी चूक नको."

खट्.

पाच वाजले.

बाबा वायर घेऊन खुर्चीवर उभे. बॅरी सोफ्यावर. आई स्टुलाशेजारी. मी जमिनीवर, बोट बटणावर.

रेडिओवर खरखर.

"कुठे धरू?"

"वर, कडीपाशी."

"धरलंय."

"हलू नका, बाबा."

"मी नाही हललो. खुर्ची हलली."

"डावीकडे घ्या जरा," आई म्हणाली.

"मग तूच ये वर."

खरखरीतून एक गिटार वर आली, बुडाली. आकडा ऐकू आला... अडतीस? अठ्ठावीस? मी बटण दाबलं. ते गाणं नव्हतं, बडबड होती. पुन्हा दाबलं. पुन्हा खरखर. आता चालू की बंद? काचेवर स्टिकर. मी नखाने खरवडायला गेले.

आई ओरडली, "फाडू नकोस! त्याने लावलाय तो."

मी सोडून दिला.

बॅरी चढला. त्याचा मोडलेला हात खांद्याच्या वर जाईना. दुसऱ्या हाताने धरलं तर तोल जायला लागला... उतरला. आई चढली, हात पोचेना. बाबांनी कोटाचा हँगर वाकवून वायरला बांधला. त्यावर पोलिसांच्या वायरलेसवरचं कुणीतरी स्पष्ट ऐकू आलं. हरवलेल्या मेंढ्यांबद्दल बोलत होतं.

"मेंढ्या!" बाबा म्हणाले. "मेंढ्या लागतात या खोक्यावर!"

सहा वाजायला आले. तेवीस... की बावीस. माझं बोट खट्, खट्, खट्. आई दर मिनिटाला विचारत होती, "गेलं का गं? आपलं गेलं का?" मला रडू येत होतं आणि तिला काहीतरी फेकून मारावंसं वाटत होतं.

"आई, गप्प बस ना! टेपवर तुझाच आवाज येतोय सगळा!"

बाबांनी हँगर उपटला.

"एकवीस वर्षं मी या डोंगरांतून बस चालवतोय. आणि मला एक वायर धरता येत नाही? तो कसा धरायचा? कसा काय धरायचा तो?"

वायर जमिनीवर आपटली. बाबा स्वयंपाकघरात गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तोंड धुत होते.



मी बोट बटणावर ठेवून बसले, उगाच. हरलो होतो.

खरखर चालू होती...

मग ती पातळ झाली.

आणखी पातळ...

मग खुर्ची करकरली. लाकडावर वजन आलं की करकरते, तशी. एकदाच.

रेडिओ लागला. नुसता लागला नाही, असा कधीच लागला नव्हता. निवेदकाचा श्वास ऐकू येत होता.

मी आधी वायरकडे पाहिलंच नाही. बॅरीच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो माझ्या मागे, वर बघत होता.

वळले.

जमिनीवर वायर नव्हती. ती वर गेली होती. टोक खिडकीच्या कडीपाशी होतं. कडीला अडकलेलं नव्हतं. कडीपासून बोटभर अलीकडे... हवेत.

खुर्चीवर कुणी नव्हतं.

ओल्या लोकरीचा वास आला. तो काळा कोट भिजला की यायचा, तो.

"बारा," निवेदक म्हणाला. ते गाणं संपलं. "आणि अकरावं. टॉडमॉर्डनच्या तीन मुलांचं."

मी बटण दाबलं. खट्.

ग्लेन गायला लागला.

तीन मिनिटं. आईने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते, आवाज निघू नये म्हणून. बाबा दारात उभे, हातात टॉवेल, हनुवटीवरून पाणी गळतंय. बॅरीच्या बोटांनी गुडघ्यावर आवाज न करता ताल धरला होता. गाणं काही फार चांगलं नव्हतं. दुसऱ्या कडव्यात तो बेसूर होतो. ते मला माहीत होतं. त्या बेसूर ओळीची मी वाट बघत होते.

आली.

गाणं संपलं. निवेदक काहीतरी बोलू लागला. मी बटण दाबलं. खट्. थोड्या वेळाने रेकॉर्डरच बंद केला. पुढची दहा गाणी कुणाला हवी होती?

"आलं?" आईने पुटपुटत विचारलं.

"आलं."

आम्ही टेप मागे घेतली. लावली.

खरखर. आईचा आवाज, "गेलं का गं?" खरखर. मेंढ्या. निवेदक. "बारा..." खट्. निवेदक. "आणि अकरावं. टॉडमॉर्डनच्या तीन मुलांचं." खट्.

निवेदक. "...तर हा होता कोल्ड टॅप."

मी पुन्हा मागे घेतली. पुन्हा लावली. पुन्हा.

त्या खरखरीत कधीतरी बोट एकदा जास्त पडलं होतं. तिथून पुढे सगळं उलटं झालं. गाण्याच्या वेळी टेप थांबलेली, बडबडीच्या वेळी चालू. संबंध वर्षाची आवडती गाणी, आणि माझ्याकडे फक्त त्यांच्या मधल्या फटी.

"मूर्ख!" मी स्वतःलाच ओरडले. स्टुलाला लाथ मारली. "मूर्ख, मूर्ख, मूर्ख!" आई रेकॉर्डरकडेच बघत राहिली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

कॅसेट अजून फिरत होती. निवेदक काहीतरी सांगत होता. त्याच्या आवाजाखाली आमची खोली. शेकोटी. बॅरीचं नाक ओढणं.

मग खुर्चीची करकर.

आणि माईकच्या वरून, उंचावरून, दमलेला...

"झालं का, बाईसाहेब? हात गळून पडतोय माझा."

खोलीत हे कुणी ऐकलं नव्हतं. चौघांपैकी कुणीही. टेपवर आहे.

आम्ही सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं.

वायर खाली आलेली नव्हती.

बाबाच आधी बोलले. "लोरेन. सांग त्याला."

मी तोंड उघडलं.

"नाही!" आईने माझा दंड धरला. नखं रुतली. "एक शब्द बोललीस तर याद राख."

"अगं, मार्गरेट, उतरू दे त्याला. पोराचा हात..."

"नऊ महिने माझं पोर घरात नव्हतं, हॅरल्ड. आता आहे."

मी बोलले नाही.

आता तो शेवटचा रविवार. मघाशी सांगायला घेतला आणि कापला. कापायची सवय आहे मला.

मार्चमधला. आमचं भांडण झालं होतं, माझा मफलर त्याने व्हॅनमध्ये हरवला म्हणून. तो खुर्चीवर वायर धरून उभा. मी टेपरेकॉर्डर बंद केला आणि न सांगता वर माझ्या खोलीत निघून गेले. गंमत म्हणून. धडा शिकवायचा म्हणून. खालून आवाज येत होता. "झालं का, बाईसाहेब?" मी उशीत तोंड खुपसून हसत होते. तो वीस मिनिटं उभा राहिला. मग बॅरीने व्हॅनचा हॉर्न वाजवला आणि तो गेला. बर्नलीला.

मी त्याला 'उतर' म्हटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बॅरी पबमध्ये सगळ्यांना विचारून आला. त्या रविवारी दरीत कुणाच्याही रेडिओवर ते स्टेशन लागलं नव्हतं. सात वाजेपर्यंत नुसती खरखर. जानेवारीत स्टेशनचं पत्र आलं. क्षमस्व, ती कॅसेट आता सापडत नाही.

बाबा गेले. आई गेल्या हिवाळ्यात गेली, सत्त्याऐंशीव्या वर्षी. इतकी वर्षं त्या खुर्चीवर तिने कुणाला बसू दिलं नाही, खिडकीला पडदा लावला नाही. रोज संध्याकाळी ती तो रेडिओ थोडा वेळ लावायची. गाणी ऐकायला नाही. स्वच्छ लागतोय ना, एवढं बघायला.

लागायचा.

येत्या शुक्रवारी घराच्या चाव्या द्यायच्या आहेत. काल सगळं सामान हलवून झालं. खोलीत खुर्ची, रेडिओ आणि मी. रेडिओ लावला. कुठल्यातरी स्टेशनवर आमच्याच काळातली गाणी चालली होती. स्वच्छ. एक कण खरखर नाही.

मी खुर्चीसमोर उभी राहिले. वर बघितलं. म्हटलं, "झालं..."

पुढचा शब्द निघेना.

खुर्ची करकरली. वाट बघत असल्यासारखी.

मी दिवा तसाच ठेवून, रेडिओ तसाच ठेवून बाहेर आले. गाडीत बसून हे लिहितेय. खिडकीत उजेड आहे, आणि काचेवर वरच्या बाजूला, कडीपाशी, हाताच्या पंज्याएवढी वाफ धरलीय.

छत्तीस वर्षं.

किती दुखत असेल त्याचा हात.