सगळ्यात मोठी सुरमई

ओव्हनची घंटी टिणकन वाजली आणि दुपारची शांतता मोडली. जागृतीनं हळदीच्या पानाची पुडी उलगडली. आत सुरमईचा जाड तुकडा, त्यावर कोथिंबीर, लसूण आणि परसातल्या ओव्याच्या पानांचं वाटण. तेल जेमतेम चमचाभर.

सातव्या महिन्यात जन्मलेल्या मनवानं याच माशावर बाळसं धरलं होतं. बंदरावर घरोघरी आता पारखपळी होती. अन्नात खुपसली की आतले घटक दांड्यावर उमटत. प्रथिनं, ड जीवनसत्त्व, मेंदूला लागणारा ओमेगा मेद. ते हिरवे दिवे लागले की मगच जागृती लेकीला भरवायची.

कालच पळीला नवं अपडेट आलं होतं. आज हिरवे दिवे नेहमीसारखे लागले, आणि त्यांच्याखाली एक लाल.

‘पारा. मज्जातंतूंना घातक. मुलांना देऊ नये.’

तिनं पळी धुतली, पुसली, पुन्हा खुपसली. लालच. मग ती कालच्या बारक्या मांदेलीच्या कालवणात बुडवली. सगळे हिरवे!

तिनं धक्क्यावर नवऱ्याला, होडीचा तांडेल असलेल्या भूपेशला, फोन लावला.

“पळी बिघडली असंल गं. मासा कालचाच हाय. लिलावाआधी मीच बाजूला काढला, होडीतला सगळ्यात मोठा.”

“नेहमीसारखा?”

“मग! तांडेलाच्या पोरीला बारकं मासं घालू? धक्का हसंल मला.”

जागृती पळीवरच्या ओळी वाचू लागली. “मोठा मासा लहानांना खातो. त्यांच्यातला पारा त्याच्या अंगात साठत जातो. मासा जेवढा मोठा आणि म्हातारा, तेवढा पारा जास्त.”



“आठवड्यातनं चार वेळा,” भूपेश कसाबसा म्हणाला. “चार वर्षं.”

दोन महिन्यांपासून मनवाची पेन्सिल थरथरत होती. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, अक्षर बिघडलंय. जागृतीनं आळशी म्हणून तिला रागावलंही होतं.

“उद्या दवाखान्यात नेऊ,” ती म्हणाली. “उद्या नको, आत्ताच ये.”

तिनं ताट मागे ओढलं. शेजारी बसलेल्या मनवानं पानावर फिरवलेलं बोट तोंडातून काढलं.

“हा मासा वाईट आहे?”

“मोठा आहे, बाळा. आता आपण बारकेच खायचे.”

मनवानं आपल्या पोटावर हात ठेवला. बोटं हलकेच थरथरत होती.

“मग आधीचे मोठे मासे अजून माझ्या आत आहेत का गं, आई?”