हिरवी रेघ

मेथीची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून येताना म्हाळसाला आपल्याच रानात एक टोपी दिसली. नुसती टोपी... जमिनीला टेकलेली, काळी आणि चक्क हलणारी!

ती चार पावलं पुढं सरकली. रानाच्या मधोमध पुरुषभर खोल खड्डा खणलेला होता आणि आत एक तरणा माणूस उभा होता. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कपाळाला मातीचा पट्टा. त्यानं खड्ड्याच्या भिंतीतून चिमूटभर माती खरवडली, उजेडाला धरून निरखली आणि सरळ जिभेवर ठेवली.

"अगं बया!" म्हाळसाच्या तोंडून निघून गेलं. "घरी भाकरी मिळत न्हाय व्हय?"

त्यानं दचकून वर पाहिलं. तोंडात माती, बोलता येईना. थुंकावं तर समोर बाईमाणूस. बिचाऱ्यानं डोळे मिटून गिळून टाकली.

म्हाळसा खळखळून हसली आणि लगेच पदर तोंडाशी नेला. कपाळ मोकळं असलेल्या बाईनं रानात असं हसू नये, हे ती तेराव्या वर्षीच शिकली होती. नवऱ्याचा चेहरा तिला आता धड आठवतही नव्हता. एकविशीतली ती, बापाचं, कुंडलिकतात्यांचं, सहा एकर रान त्यांच्या बरोबरीनं कसत होती, एवढंच काय ते तिचं जग.

"मी महिपती," खड्ड्यातून आवाज आला. "कालव्याच्या खात्यातून आलोय, माती तपासायला. कुंडलिकतात्यांना विचारूनच खणलंय हो!"

"मग? कशी लागली आमची माती?"

"वरची गोड आहे." तो घुटमळला. "खालची... अजून चाखायचीय."

१९३४ सालचा पौष होता. नीरेचा डावा कालवा बारामतीवरून निमगाव केतकीच्या शिवारात येऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच्यावर ज्वारी व्हायची, भाजीपाला व्हायचा. पण कळंबच्या अंगाला ऊस डोलायला लागला, तसं सगळ्यांनाच बारमाही पाणी हवंसं झालं. जो तो अर्ज करत होता. कोणत्या रानाला एवढं पाणी सोसेल आणि कोणत्या रानाचा त्यानं घात होईल, हे पाहायला महिपतीला धाडलं होतं. कोरेगावकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, पुण्याला शेतकी शिकलेला. शिवारात त्याचे असे वीस-बावीस खड्डे होते, पण कुठल्याही खड्ड्याकडं जायची त्याची वाट म्हाळसाच्या बांधावरूनच जायची.

"उतरता का खाली? दाखवतो," तो एका सकाळी म्हणाला.

"पडले म्हंजे?"

"मी आहे ना."

"त्येचंच भ्या वाटतंय," ती म्हणाली, आणि उतरली. त्यानं पुढं केलेला हात तिनं धरला. खाली पोचल्यावर सोडायला दोघंही जरासं विसरली.

वरचा हातभर थर मऊ होता. मुठीत दाबला की लाडू, बोट लावलं की भुगा. "यात हवा खेळते, मुळं खेळतात," तो म्हणाला. त्याखालची माती काळीकुट्ट, चिवट. कुदळ बसली होती तिथं ती आरशागत चकाकत होती. मग चुनखडीचे पांढरे खडे, आणि तळाला पिवळट मुरूम.

"हा मुरूम म्हणजे कुजलेला खडक."

"खडक कुजतोय व्हय?"

"कुजतो ना. उन्हानं तडकतो, पाण्यानं झिजतो, मुळं त्याच्या फटीत बोटं घालतात. बोटभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात, म्हाळसाबाई."

"आन् तुमी एका दिसात पुरुषभर उकरून टाकलीसा! कुणाच्या बापाची हाय?"

"तुमच्याच," तो हसून म्हणाला. "म्हणून तर रोज येतो माफी मागायला."

त्यानं चुनखडीच्या खड्यावर बाटलीतल्या तेजाबाचा थेंब टाकला. खडा फसफसला. "चिडला वाटतं!" ती म्हणाली. "चिडला नाही," तो तिच्याकडं बघत राहिला. "वरून गार दिसतं, पण आत काय आहे ते थेंब पडल्यावर कळतं." म्हाळसाला एकाएकी त्या खड्ड्यात फार उकडायला लागलं.

त्यानं दोन काचेच्या बाटल्या घेतल्या. एकीत वरची माती, एकीत खालची. पाणी घालून घुसळल्या आणि बांधावर ठेवल्या. वरच्या मातीचं पाणी दुपारपर्यंत नितळ झालं. खालच्या मातीचं काही निवळेना. संध्याकाळी ती बघायला आली, सकाळी भाकरी-ठेचा घेऊन आली, दुपारी तर काही निमित्त न काढताच आली.

"निवळलं का वो?"

"नाही."

"मग बसते जराशी."

ते तीन दिवस म्हाळसाच्या जन्मातले सगळ्यात हलके दिवस होते. चौथ्या दिवशी ती आली, तेव्हा महिपती बाटली हातात धरून बसला होता. पाणी अजून चहासारखं गढूळ होतं. आज तो हसला नाही.

"तळात खार आहे," तो म्हणाला. "या खारानं मातीचे कण एकमेकांना धरत नाहीत. सुटे होतात आणि सगळ्या वाटा बुजवतात. थोडं पाणी दिलंत तर वरची माती पोसेल. पण उसाचं पाणी खाली जिरायचं नाही, साचेल. आणि उन्हानं वर चढेल तेव्हा खार घेऊनच चढेल. रान चोपण होईल, काही पिकायचं नाही त्यात, म्हाळसा."

पहिल्यांदाच त्यानं तिला नुसत्या नावानं हाक मारली होती, आणि तीही अशा वेळी.

कारण आदल्या संध्याकाळीच कुंडलिकतात्यांनी त्याला ओट्यावर बसवून घेतलं होतं. म्हाताऱ्याला डोळे होते. "पोरीचं दुसऱ्यांदा लगीन लावायला माझी ना न्हाय," तात्या म्हणाले होते. "आमच्यात चालतं त्ये. पर मला दुसरं कोण न्हाय, साहेब. बारमाही पानी मिळालं, ऊस लागला, तर जावयाला हितंच ठेवून घीन. न्हाईतर तुमी नेनार तिला बदलीच्या गावाला, आन् मी हितं भिंतींसंगं बोलत बसनार. त्ये मला जमायचं न्हाय." दाराआड म्हाळसानंही ते ऐकलं होतं.

महिपतीनं नकाशाची गुंडाळी बांधावर उलगडली. ऊस लावायच्या जमिनीला हिरवी पेन्सिल, बाकीच्याला लाल.

"तुमचं रान लालमध्ये जाणार."

"लाल का हिरवं, ह्ये कुणाच्या हातात हाय?" म्हाळसानं विचारलं.

"माझ्याच."

ती नकाशाकडं बघत राहिली. बोटानं आपल्या रानाचा चौकोन शोधला आणि त्यावर बोट तसंच ठेवलं.

"मग...?"

एवढंच म्हणाली ती. एकच शब्द, तोही अर्धा. महिपतीनं नकाशावर उताराच्या दिशेनं बोट फिरवलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं पुटपुटला, "खालच्या अंगाला निचऱ्याचे खोल चर काढले... तर कदाचित निभावेल." आणि त्यानं हिरवी पेन्सिल उचलली.

रेघ एकाच रानाभोवती मारता येत नव्हती. उताराला सरुबाईचं दोन एकर रान होतं, तेही त्या हिरव्यात आलं. म्हातारी सरुबाई एकटी, लिंबाची चार झाडं आणि गोड पाण्याची विहीर एवढाच तिचा संसार. ती आनंदानं गूळ-खोबरं घेऊन आली. "सरकारी मानसानं सांगितलंय, माझ्या रानात बी ऊस व्हतोय!"

पहिल्या साली ऊस असा फोफावला की आत शिरलेलं माणूस दिसू नये. चर कुणी काढले नाहीत. "चांगलं रान का चरात घालायचं?" तात्या म्हणाले. महिपतीची बदली गोदावरीकडं झाली होती. पहिला गूळ निघाला, तात्यांनी वैशाखातला मुहूर्त धरला. महिपतीचं पत्र आलं, रजा मिळत नाही. शाळेचे मास्तर पत्र वाचून दाखवत आणि म्हाळसा खाली मान घालून ऐके. पुढच्या पत्रातही तेच. त्याला रजा मिळत होती, हे तिला कळत होतं. इथं येऊन हे रान डोळ्यांनी बघायची त्याची छाती होत नव्हती. का ते तिला कळत होतं, कारण एव्हाना सरींच्या टोकाला ऊस पिवळा पडायला लागला होता, आणि सकाळी वरंब्यांवर पिठासारखी पांढुरकी भुकटी दिसायची. म्हाळसा ती पदरानं पुसून टाकायची. दुसऱ्या दिवशी भुकटी पुन्हा वर यायची.

१९३७च्या माघात दुसरं गुऱ्हाळ लागलं. रस उकळला, काहिलीतून गूळ निवायच्या वाफ्यात ओतला. पण गूळ काही बांधेना. काळपट, ओला, चिखलासारखा पसरून राहिला. तात्यांनी बोट बुडवून चाखलं. परत चाखलं.

"खारट," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात महिपती आला. खात्यानंच त्याला पुन्हा तपासायला पाठवलं होतं. तीन वर्षांत तो दहा वर्षांनी थकल्यासारखा दिसत होता. पांढऱ्या पडलेल्या रानात तो उभा राहिला, आणि तात्या हात जोडून त्याच्यासमोर आले.

"साहेब, तुमी तर तपासून दिली व्हती. मग आमच्या हातनं काय चुकलं? पानी जास्ती झालं का? खत कमी पडलं? सांगा. मी रागावनार न्हाय. माझंच काय तरी चुकलं आसंल..."

म्हाताऱ्याचे ते जोडलेले हात म्हाळसाला बघवेनात.

"तात्या, तुमचं न्हाय चुकलं," ती म्हणाली. "ह्यांनी खरं सांगितलं व्हतं मला. लाल रेघ मारनार व्हते. मीच... मी मारू दिली न्हाय. मला हे हवे व्हते, आन् तुमी बी हवे व्हता."

"तिनं नाही. पेन्सिल माझ्या हातात होती," महिपती म्हणाला.

तात्यांनी हात हळूच खाली घेतले. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "सरुबाईला म्हाईत हाय का?"

सरुबाईची विहीर रानातला खार उतरून गेल्या पावसाळ्यापासून मचूळ झाली होती. म्हाळसा तिच्या दारात गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. सरुबाईनं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारामतीची मोटर धरायच्या आधी महिपती बांधावर आला.

"खरं काय ते लिहून पाठवलंय. नोकरी जाईल, जाऊ दे. म्हाळसा... तात्यांना घेऊन चल माझ्या गावी. थोडी आहे जमीन. निचऱ्याची आहे."

"सरुबाईला काय करू?"

त्यानं मान वळवून सरुबाईच्या विहिरीकडं पाहिलं.

"हे रान सुधाराय किती वर्सं लागतील?"

"ऊस बंद करायचा. चर काढायचे. पावसाच्या पाण्यानं खार धुऊन जायला... पंधरा. कदाचित वीस."

"म्हंजे मी म्हातारी व्हईन तवर."

"माझ्यावर राग आहे?"

"राग असता तर बरं झालं असतं." ती म्हणाली. "तुमी ती रेघ मारलीसा ना, त्या येळी तुमच्यावर लई जीव जडला माझा. आज बी हाय. खोटं कशाला बोलू? पर तुमच्या घरी गोड पानी प्याले, की सरुबाईचा घोट आठवंल मला. रोज आठवंल. असं नांदता येतंय व्हय?"

"मी थांबतो मग. वीस वर्षं थांबतो."

"नगा थांबू." ती मान फिरवून म्हणाली. "कुनी वाट बघतंय म्हटलं, की मला हितं ऱ्हावनार न्हाय."

तो निघाला. म्हाळसानं त्याच्या पाठीकडं पाहिलं नाही, घागर उचलून कालव्यावर गेली. भरलेली घागर सरुबाईच्या पायरीवर ठेवून कामाला लागली.

दिवेलागणीला ती परत आली, तर घागर तशीच होती, काठोकाठ. दार बंद होतं. म्हाळसा जराशी थांबली, हाक मारावी की नको असं करत. मग ते पाणी तिनं वाळत चाललेल्या लिंबाच्या बुडात ओतलं आणि रिकामी घागर घेऊन पुन्हा कालव्याची वाट धरली.